कर्करोगाच्या लसीत जिवाणूचं पेप्टाइड कशासाठी घालतात?

प्रश्न असा आला आहे: प्रायोगिक कर्करोग लसीत जिवाणूच्या प्रथिनाचा एक छोटा तुकडा मिसळला की उंदरांतल्या गाठी जास्त आटोक्यात येतात, असं वाचलं. जिवाणूचा आणि कर्करोगाचा काय संबंध? माणसांत हे चालतं का? आणि घरातल्या रुग्णाला धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन असाच फायदा मिळवता येईल का?

मी बरीच वर्षं पेप्टाइड लसींवर काम करते आहे. पेप्टाइड निवडणं, ती बनवून घेणं, तपासणं आणि लस दिलेल्यांच्या रक्तात पुढे काय घडलं ते मोजणं, हे माझं रोजचं काम. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं उत्तर सरळ आहे, पण ते पटायला आधीचं थोडं समजलेलं बरं, म्हणून ते शेवटी देते.

या विषयावरच्या बातम्यांत एक घोळ हमखास असतो. ‘जिवाणूचं पेप्टाइड’ या एका नावाखाली तीन अगदी वेगळी कामं करणारी द्रव्यं खपवली जातात. एक मदतनीस टी पेशींना (टी पेशी म्हणजे रोगप्रतिकार यंत्रणेतल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) कामाला लावतं, दुसरं धोक्याची घंटा वाजवतं आणि तिसरं कर्करोगाच्या पेप्टाइडसारखं दिसतं. आपण वाचलेल्या प्रयोगात यातलं नेमकं कोणतं काम चाललं होतं हे कळल्याशिवाय त्या निकालाचा अर्थ लागत नाही.

माझ्या मते यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम पहिलं, आणि बातम्यांत सगळ्यात कमी सांगितलं जातं तेही तेच.

गोवराचा विषाणू शरीराला पूर्ण परका असतो. कर्करोगाची पेशी आपलीच असते. तिच्यातली बहुतेक प्रथिनं ओळखीची, आणि त्यांच्यावर जोरात तुटून पडू शकतील अशा टी पेशी थायमस ग्रंथीत आधीच बाद झालेल्या असतात. उरतात त्या मवाळ. उत्परिवर्तनांमुळे काही नवी पेप्टाइड तयार होतात खरी, पण प्रत्येक रुग्णात ती वेगळी असतात आणि कित्येक गाठींत फारच थोडी. अशा वेळी लसीतून ट्यूमरचं नऊ-दहा अमिनो आम्लांचं पेप्टाइड नुसतं टोचलं, तर त्याला ओळखणाऱ्या मारक टी पेशी, म्हणजे सीडी८ पेशी, थोड्या वाढतात आणि मग ओसरतात. त्या टिकाव्यात आणि पुन्हा गरज पडली तर जोमानं वाढाव्यात, यासाठी मदतनीस पेशींचा, म्हणजे सीडी४ पेशींचा, आधार लागतो.

हा आधार कसा पोचतो हे १९९८ साली ‘नेचर’च्या एकाच अंकात आलेल्या तीन शोधनिबंधांनी उलगडलं. डेन्ड्रिटिक पेशी ही रोगप्रतिकार यंत्रणेतली पहारेकरी पेशी लसीतली पेप्टाइड आपल्या पृष्ठभागावर मांडते. मदतनीस पेशीला त्यातलं आपलं पेप्टाइड सापडलं की ती डेन्ड्रिटिक पेशीवरच्या सीडी४० या रेणूला खूण करते. त्यानंतरच ती डेन्ड्रिटिक पेशी मारक पेशींना पुरतं तयार करण्याच्या लायकीची होते. मदतनीस आणि मारक पेशी एकाच क्षणी हजर असण्याची गरज नाही, पण दोघींची गाठ त्याच एका डेन्ड्रिटिक पेशीशी पडायला हवी. पुढे जे सांगते आहे त्यातलं निम्मं या एका अटीवर उभं आहे.

आता धनुर्वात. लहानपणी लसी घेतलेल्या जवळपास प्रत्येकाच्या अंगात धनुर्वाताच्या विषाची आठवण ठेवणाऱ्या मदतनीस पेशी तयार बसलेल्या असतात. त्या विषाच्या साखळीतला ८३० ते ८४४ क्रमांकांचा तुकडा, केवळ १५ अमिनो आम्लांचा, पी२ या नावानं ओळखला जातो. ९४७ ते ९६७ हा दुसरा तुकडा म्हणजे पी३०. पेशी ज्यांच्यावर पेप्टाइड मांडते ते एचएलए रेणू माणसागणिक वेगळे असल्यामुळे एखादं पेप्टाइड एकाला लागू पडतं आणि दुसऱ्याला नाही, हे आमचं नेहमीचं दुखणं. पण १९८० च्या दशकाच्या अखेरीस लक्षात आलं की हे दोन तुकडे एचएलए-डीआरच्या अनेक प्रकारांत बसतात. म्हणजे रुग्ण कोणीही असो, त्याच्या मदतनीस पेशी जाग्या होण्याची शक्यता चांगली. ट्यूमरचं पेप्टाइड अशा तुकड्याला जोडून दिलं की ते वशिल्याचं तट्टू होतं. स्वतःची पत नसली तरी धनुर्वाताच्या जुन्या ओळखीवर त्याचं काम होऊन जातं.

कल्पना नवी नाही. लहान मुलांना देतात त्या हिब लसीत जिवाणूच्या शर्करेला धनुर्वाताचं टॉक्सॉइड (निर्विष केलेलं विष) किंवा घटसर्पाच्या विषाचं निरुपद्रवी रूप जोडलेलं असतं, ते याच कारणासाठी. तिथे मदत प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशींना मिळते, इथे ती मारक पेशींकडे वळवायची आहे.

माणसांतला पुरावा काय? मला सर्वांत बोलका वाटतो तो व्हर्जिनिया विद्यापीठाच्या क्रेग स्लिंगलफ यांच्या गटाचा २०११ सालचा मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगावरचा अभ्यास. सगळ्यांना मारक पेशींसाठीची तीच १२ मेलॅनोमा पेप्टाइड दिली. काहींच्या लसीत मदतीसाठी पी२ वर बेतलेलं धनुर्वाताचं पेप्टाइड होतं, तर काहींच्या लसीत मेलॅनोमाच्याच प्रथिनांतली सहा मदतनीस पेप्टाइड. तर्कानं दुसरा गट सरस ठरायला हवा होता, कारण गाठीत पोचल्यावरही त्या मदतनीस पेशींना आपलं पेप्टाइड सापडलं असतं. झालं उलटं. धनुर्वाताच्या गटात ७८ टक्के जणांत मारक पेशींचा प्रतिसाद दिसला, मेलॅनोमाच्या मदतनीस पेप्टाइडच्या गटात फक्त १९ टक्के. जुन्या, तरबेज मदतनीस पेशी आणि नवख्या, अर्धवट दबलेल्या मदतनीस पेशी यांच्यातला फरक इतका मोठा असू शकतो. मात्र हे आकडे रक्तातल्या पेशींचे आहेत. त्यातून रुग्णांचं आयुष्य वाढलं असं त्या अभ्यासानं दाखवलेलं नाही.

हा फरक एकदा एलिस्पॉट या पेशी मोजण्याच्या चाचणीच्या प्लेटवर पाहिला की विसरत नाही. ९६ खळग्यांची प्लेट असते. प्रत्येक खळग्यात रुग्णाच्या रक्तातल्या पेशी आणि एकेक पेप्टाइड घालतात. एखाद्या पेशीनं इंटरफेरॉन गॅमा सोडला की तिच्या जागी एक ठिपका उमटतो. धनुर्वाताच्या पेप्टाइडच्या खळग्यात इतके ठिपके की ते एकमेकांत मिसळतात आणि मोजणी यंत्र ‘मोजता येत नाही’ असा शेरा मारून मोकळं होतं. शेजारी ट्यूमर पेप्टाइडच्या खळग्यात बोटांवर मोजण्याइतके. पेप्टाइड न घातलेल्या खळग्यातही दोन-चार असतातच, ते वजा करायचे. ‘लसीला जोरदार प्रतिसाद’ असं वाचलं की मी आधी हे पाहते की तो प्रतिसाद कोणत्या खळग्यातला. जिवाणूच्या तुकड्याला मिळालेला प्रतिसाद म्हणजे कर्करोगाला मिळालेला प्रतिसाद नव्हे. साधी गोष्ट आहे, पण ती झाकली गेलेले अहवाल कमी नाहीत.

याला लागूनच एक अडचण येते. जुनी ओळख फार घट्ट असेल तर सगळं लक्ष जिवाणूच्याच भागाकडे जातं आणि ट्यूमरचा भाग मागे पडतो. म्हणून अख्खं टॉक्सॉइड वापरण्यापेक्षा नेमका छोटा तुकडा वापरण्याकडे कल असतो. साउदॅम्प्टनमध्ये फ्रेडा स्टीव्हनसन यांच्या गटानं डीएनए लसीसाठी धनुर्वाताच्या विषातल्या ‘फ्रॅगमेंट सी’चा फक्त पहिला भाग ठेवला आणि दुसरा काढून टाकला, तो हाच विचार करून. मदतीपुरतं राहावं, स्पर्धा करणारं जावं.

तुकडे जोडायचे की नुसते एका कुपीत मिसळायचे, हा वाद जुना आहे. वर सांगितलेल्या एकाच डेन्ड्रिटिक पेशीच्या अटीमुळे जोडलेले बरे. पण जोडले की सांध्यावर एक तिसरंच पेप्टाइड तयार होतं: अर्धं धनुर्वाताचं, अर्धं ट्यूमरचं, निसर्गात कुठेही नसलेलं. रोगप्रतिकार यंत्रणेला नेमकं तेच आवडलं तर मारक पेशी भरपूर तयार होतात आणि त्यांना मारण्यासारखं काही सापडत नाही. म्हणून मध्ये असा दुवा घालतात की पेशीतली विकरं तिथेच कापतील, आणि सांध्यावरच्या पेप्टाइडलाही एलिस्पॉटमध्ये स्वतंत्र खळगा देतात. विद्राव्यतेची कटकट निराळीच. ट्यूमरची बरीच पेप्टाइड पाण्याला नाखूश असतात. डीएमएसओ या द्रावकात स्वच्छ विरघळतात, सलाइन घातलं की कुपी दुधाळ होते. दुधाळ कुपीतून किती पेप्टाइड सुईत आलं हे कोणी सांगू शकत नाही. अशा वेळी जिवाणूच्या तुकड्यातली भारित अमिनो आम्लं कधीकधी सगळी जोडी विद्राव्य करून टाकतात आणि ‘मदतनीस परिणाम’ म्हणून मिरवलं जातं ते प्रत्यक्षात नीट विरघळल्याचं श्रेय असतं.

अख्खी जिवाणू प्रथिनं वापरलेल्या लसींकडेही पाहायला हवं. क्युबात विकसित झालेली सिमाव्हॅक्स ही फुप्फुसाच्या कर्करोगासाठीची लस. तिच्यात ईजीएफ हा आपल्याच शरीरातला वाढीचा घटक मेनिंजायटिसच्या जिवाणूच्या, म्हणजे नायसेरियाच्या, पी६४के या प्रथिनाला जोडलेला आहे. क्युबात तिला २००८ मध्ये मान्यता मिळाली. तिथे उद्देश प्रतिपिंडांचा आहे आणि मिळणारा फायदा माफक. दुसरीकडे मेज-ए३ लस. तिच्यात मेज-ए३ हे ट्यूमरचं प्रथिन हिमोफिलस इन्फ्लुएन्झा या जिवाणूच्या प्रोटीन डी या प्रथिनाच्या एका भागाला जोडलं होतं. सोबतच्या मिश्रणात साल्मोनेला या जिवाणूपासून मिळवलेलं एमपीएल हे प्रतिसाद वाढवणारं द्रव्य होतं आणि जिवाणूच्या डीएनएची नक्कल करणारं सीपीजीही. जिवाणूचा हात तिहेरी होता म्हणा ना. २,२०० हून अधिक रुग्णांवर फुप्फुसाच्या कर्करोगाची मोठी चाचणी झाली आणि २०१४ मध्ये ती अपयशी ठरल्याचं जाहीर झालं. प्रतिपिंडं भरपूर आली होती, मारक पेशी फारशा नाहीत. कोणत्या हाताला मदत मिळते आहे हे न पाहता मदत वाढवत नेली की असं होतं.

दुसरं काम धोक्याच्या घंटेचं. जिवाणूच्या काही रेणूंवर आपल्या जन्मजात यंत्रणेची कायम नजर असते. विल्यम कोली यांनी न्यूयॉर्कमध्ये १८९१ पासून गाठींत स्ट्रेप्टोकॉकस टोचायला सुरुवात केली, किंवा १९७६ पासून मूत्राशयाच्या कर्करोगात बीसीजी वापरात आलं, त्यामागे हीच घंटा होती, फक्त ती कोण वाजवतं हे तेव्हा माहीत नव्हतं. १९७४ मध्ये कळलं की फ्रॉइंडच्या, म्हणजे प्रतिसाद वाढवण्यासाठी वापरतात त्या, मिश्रणातल्या क्षयाच्या जिवाणूंच्या जागी त्यांच्या भित्तिकेतला म्युरामिल डायपेप्टाइड हा एवढासा तुकडाही चालतो. एक शर्करा आणि दोन अमिनो आम्लं, बस्स. त्याच्यावर बेतलेल्या मिफाम्युरटाइडला युरोपात २००९ मध्ये हाडाच्या ऑस्टिओसार्कोमासाठी मान्यता मिळाली, लसीबरोबर नव्हे तर केमोथेरपीबरोबर. अलीकडचं उदाहरण एक्सएस१५ या लिपोपेप्टाइडचं. ट्युबिंगेनच्या हान्स-गेऑर्ग रामेन्से यांच्या गटानं बनवलेलं हे द्रव्य टीएलआर१/२ ही जिवाणू ओळखणाऱ्या रेणूंची जोडी चेतवतं आणि पाण्यात विरघळतं. पेप्टाइड लसीत ते माणसांत वापरून झालं आहे.

घंटेच्या बाबतीत दोन सावधगिरीच्या गोष्टी. एक म्हणजे ती कुठे वाजते. पेप्टाइड बहुधा मॉन्टॅनाइड या तेलात घुसळून देतात. २०१३ साली उंदरांत दिसलं की पेप्टाइड तेलात दीर्घकाळ अडकून राहिलं तर टी पेशी गाठीकडे जाण्याऐवजी टोचल्या जागीच गोळा होतात आणि तिथेच संपतात. रुग्णाच्या दंडावर आठवडेच्या आठवडे राहणारी कडक गुठळी पाहून लस ‘चढली’ म्हणून खूश होण्यात अर्थ नाही. दुसरं म्हणजे एंडोटॉक्सिन. ई. कोलाय या जिवाणूमध्ये बनवलेल्या प्रथिनासोबत त्याच्या भित्तिकेतलं एलपीएस, म्हणजेच एंडोटॉक्सिन, येतंच. नॅनोग्रॅमभर राहिलं तरी डेन्ड्रिटिक पेशी खवळतात आणि श्रेय मात्र प्रथिनाला जातं. उष्णतेच्या ताणात पेशी बनवतात त्या ‘हीट शॉक’ प्रथिनांबद्दलचे असे कित्येक दावे पुढे याच कारणानं ढिले पडले. शोधनिबंधात एंडोटॉक्सिनची पातळी दिलेली नसेल तर मी पुढचं वाचन जरा साशंक मनानं करते.

तिसरं काम तोतयाचं. आपल्या प्रथिनांवर तुटून पडणाऱ्या पेशी बाद झालेल्या असल्या, तरी आतड्यातल्या जिवाणूंच्या साधारण तशाच दिसणाऱ्या पेप्टाइडला ओळखणाऱ्या पेशी शाबूत असतात. त्यांना जागं केलं तर त्या चुकून, म्हणजे आपल्या सोयीनं, कर्करोगाच्या पेशीलाही धरतील. २०२० मध्ये एन्टेरोकॉकस हिरे या आतड्यातल्या जिवाणूमध्ये दडलेल्या विषाणूचं एक पेप्टाइड सापडलं. त्याच्याशी लढणाऱ्या टी पेशी कर्करोगाच्या पेशींतल्या पीएसएमबी४ या प्रथिनाच्या पेप्टाइडलाही ओळखत होत्या. एका कंपनीनं आतड्यातल्या जिवाणूंच्या अशा तीन पेप्टाइडची लस ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगाच्या रुग्णांवर प्राथमिक चाचणीत नेली आहे. २०२१ मध्ये मेलॅनोमाच्या गाठींतूनच ४१ जातींच्या जिवाणूंची जवळपास तीनशे पेप्टाइड एचएलएवर मांडलेली आढळली. म्हणजे काही गाठींत परकं लक्ष्य मुळातच हजर असतं, नक्कल शोधायचीही गरज नाही.

मला हा भाग सर्वांत रंजक वाटतो आणि याच भागाची सर्वांत जास्त धास्तीही वाटते. साम्य शोधणाऱ्या संगणकाला आपल्या निरोगी पेशींतलं साम्यही शोधायला लावावं लागतं. मेज-ए३ वर रोखलेल्या सुधारित टी पेशी दिलेले दोन रुग्ण दगावले, कारण त्या पेशींनी हृदयाच्या स्नायूतल्या टायटिन या प्रथिनालाही तेच समजून धरलं. ती लस नव्हती, प्रयोगशाळेत धार लावलेल्या पेशी होत्या, पण सारखेपणाचा सापळा तोच.

उंदरांबद्दल थोडं, कारण प्रश्न तिथूनच सुरू झाला. लिस्टेरिया या जिवाणूच्या एलएलओ प्रथिनातलं ९१ ते ९९ हे पेप्टाइड फार अभ्यासलं गेलं आहे. ते उंदराच्या एच-२ केडी या रेणूत, म्हणजे आपल्या एचएलएच्या उंदरातल्या भाऊबंदात, अगदी चपखल बसतं. बॅल्ब-सी जातीच्या उंदरांत हा रेणू आहे, सी५७ ब्लॅक-६ मध्ये नाही. दोन उंदरांत इतका फरक असेल, तर माणसाच्या हजारो एचएलए प्रकारांबद्दल एका जातीच्या उंदरावरून काय सांगणार? शिवाय प्रयोगशाळेतला उंदीर निर्जंतुक पिंजऱ्यात वाढतो. त्याला धनुर्वाताची ओळख मुद्दाम करून द्यावी लागते, माणसाला ती वर्षानुवर्षं असते आणि वयानुसार फिकट होत जाते.

आता धनुर्वाताचं इंजेक्शन. या आशेचं मूळ ड्यूक विद्यापीठाच्या २०१५ च्या अभ्यासात आहे. ग्लायोब्लास्टोमाच्या १२ रुग्णांना डेन्ड्रिटिक पेशींची लस देण्याआधी काहींना एका बाजूला धनुर्वात-घटसर्पाची लस टोचली. त्यांच्यात डेन्ड्रिटिक पेशी लसिका गाठींपर्यंत जास्त पोचल्या आणि ते रुग्ण जास्त जगले. सुंदर प्रयोग, पण १२ च माणसं. आणि मुद्दा असा की तिथे धनुर्वाताची लस ही पुढे येणाऱ्या कर्करोगाच्या लसीसाठी केलेली जमिनीची मशागत होती, दुसऱ्याच दिवसासाठी, ठरावीक जागी. पुढची लसच नसेल तर त्या इंजेक्शनानं धनुर्वातापासून संरक्षण मिळेल, एवढंच. वरचेवर टोचल्यास दंड चांगलाच सुजून दुखू शकतो. रुग्ण केमोथेरपीवर किंवा स्टिरॉइडवर असेल तर कोणतीही लस उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. आणि चाचणीत नाव नोंदवायचं असेल तर मधल्या काळात परस्पर काहीही टोचून घेऊ नये, कारण त्यावरून प्रवेश नाकारला जाऊ शकतो.

चाचणीची संधी खरंच असेल तर तिथल्या डॉक्टरांना विचारण्यासारखे प्रश्न थोडे आहेत. रुग्णाचा एचएलए प्रकार त्या पेप्टाइडला जुळतो का. लस एकटी देणार की टी पेशींवरचा लगाम सैल करणाऱ्या पेम्ब्रोलिझुमॅबसारख्या औषधासोबत. हा टप्पा सुरक्षितता पाहण्याचा आहे की परिणाम. आणि आधीच्या रुग्णांत जो प्रतिसाद मोजला तो ट्यूमरच्या पेप्टाइडला होता की जिवाणूच्या.